रोज १० हजार पावलं चालूनही हाडं मजबूत होत नाहीत? नोकरी करणाऱ्या तरुणींसाठी उड्या आणि वजन का गरजेचं आहे?

सकाळी ८ ची लोकल, ऑफिसात नऊ तास खुर्ची, संध्याकाळी पुन्हा गर्दीत उभ्याने प्रवास आणि घरी आल्यावर स्वयंपाक. या सगळ्यातून वेळ काढून मनगटावरच्या घड्याळात १० हजार पावलांचा आकडा पूर्ण झाला की दिवसाचा व्यायाम संपला, असं अनेक तरुणींना वाटतं.

हृदयासाठी, रक्तातल्या साखरेसाठी आणि मन ताजं ठेवण्यासाठी हे चालणं उत्तमच आहे. पण हाडांचं काय?

हाडं ठिसूळ होणं हा आजी-आत्यांचा आजार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात साठीत हाड मोडेल की नाही, याचा बराचसा निकाल विशी-तिशीतच लागलेला असतो. आणि हाडांना ज्या प्रकारचा व्यायाम लागतो, तो नुसत्या चालण्यातून मिळत नाही. मग तो मिळतो कशातून? सविस्तर समजून घेऊया.

विशी-तिशीत हाडांमध्ये नेमकं काय होतं?

हाड म्हणजे सिमेंटच्या खांबासारखी एकदा उभी केलेली गोष्ट, असं वाटतं. पण हाड जिवंत असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढत असतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी त्या जागी नवं हाड बांधत असतात. ही डागडुजी आयुष्यभर चालते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नव्याने बांधला जातो.

लहानपणी आणि किशोरवयात बांधकाम जास्त आणि मोडतोड कमी असते. मुलींमध्ये १८ वर्षांपर्यंत हाडांचा सुमारे ९० टक्के साठा तयार झालेला असतो. उरलेली भर विशीत पडते आणि तिशीच्या आसपास हा साठा आपल्या कमाल पातळीला पोहोचतो. त्यानंतर काही वर्षं जमा आणि खर्च जवळपास सारखे राहतात. मग हळूहळू खर्च वाढतो.

पाळी कायमची थांबते तेव्हा हा खर्च एकदम वाढतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते कमी झालं की मोडतोड वेग घेते. रजोनिवृत्तीनंतरच्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रियांची हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

भारतीय स्त्रियांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, तर भारतात ते साधारण ४६ ते ४७ आहे. म्हणजे इथे खर्चाचा काळ चार-पाच वर्षं आधी सुरू होतो.

कमाल साठा किती होईल, यातला मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. तो कुणाच्या हातात नाही. पण उरलेला वाटा आहार, ऊन, पाळीचं आरोग्य आणि व्यायाम यांचा असतो. एका गणिती प्रारूपानुसार, हाडांचा कमाल साठा १० टक्क्यांनी जास्त असेल तर हाडं ठिसूळ होण्याचा आजार सुमारे १३ वर्षं पुढे ढकलला जाऊ शकतो.

हाडाला व्यायाम कळतो कसा?

जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली एक सिद्धांत मांडला. हाडावर जसा भार पडतो, तसं हाड स्वतःला घडवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तो 'वोल्फचा नियम' म्हणून ओळखला जातो.

याचं सोपं उदाहरण टेनिस खेळाडूंचं आहे. लहान वयापासून टेनिस खेळणाऱ्यांचं रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. माणूस एकच, आहार एकच, संप्रेरकंही तीच. फरक फक्त भाराचा.

उलट उदाहरण अंतराळवीरांचं. अंतराळात शरीराला वजन जाणवत नाही, त्यामुळे हाडांवर भार पडत नाही. तिथे खुबा आणि कण्याच्या हाडांची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होऊ शकते. म्हणूनच सुनीता विल्यम्स यांच्यासारखे अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. त्यात पट्ट्यांनी बांधून घेऊन ट्रेडमिलवर धावणं असतं आणि खास यंत्रावर जोर लावून केलेल्या बैठका आणि डेडलिफ्टही असतात.

हा भार ओळखण्याचं काम ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी करतात. त्या हाडाच्या आत खोलवर, अतिशय बारीक नलिकांच्या जाळ्यात असतात. हाडावर जोर आला की ते किंचित वाकतं, नलिकांमधला द्रव हलतो आणि या पेशींना संदेश मिळतो, 'इथे मजबुती हवी आहे.'

मात्र या पेशींच्या दोन सवयी आहेत. एक, त्या सवयीच्या भाराकडे फारसं लक्ष देत नाहीत. त्यांना नवा, जोरदार आणि झटकन येणारा भार लागतो. दोन, त्या लवकर 'कंटाळतात'. सतत तोच धक्का बसत राहिला तर काही वेळाने त्या प्रतिसाद देणं कमी करतात. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा सावध होतात.

हाडांच्या व्यायामाचं सगळं गणित या दोन सवयींवर उभं आहे.

मग चालणं पुरेसं का नाही?

चालताना पायांवर शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वा ते दीडपट भार येतो. धावताना तो दोन ते तीनपट होतो आणि उडी मारून जमिनीवर उतरताना त्याहूनही जास्त.

चालणं हा तरुण शरीराच्या अगदी ओळखीचा भार आहे. वयाच्या पहिल्या वर्षापासून पाय तेच करत आले आहेत. त्यामुळे हाडातल्या पेशींना त्यात नवीन काही सापडत नाही. नुसत्या चालण्याने हाडांची घनता वाढते का, यावर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्षही फारसे आशादायक नाहीत. अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळून राहण्यापेक्षा चालणं नक्कीच चांगलं, पण तरुणपणी हाडांचा साठा वाढवायला ते अपुरं पडतं.

१० हजार पावलांचा आकडाही हाडांच्या शास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये बाजारात आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून तो लोकप्रिय झाला. 'मानपो-केई' या नावाचा अर्थच '१० हजार पावलं मोजणारं यंत्र' असा होतो.

पोहणं आणि सायकल चालवण्याचंही असंच आहे. पाण्यात शरीर तरंगतं, सायकलवर वजन सीटवर असतं. स्पर्धात्मक सायकलपटूंच्या कण्याची घनता कमी असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. याचा अर्थ हे व्यायाम सोडून द्यावेत, असा नाही. त्यांच्या जोडीला हाडांसाठी वेगळं काहीतरी हवं, इतकाच.

उड्या किती आणि कशा?

सर्वांत स्वस्त आणि कमी वेळ लागणारा उपाय म्हणजे उड्या.

ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून सहा दिवस, रोज ५० उड्या मारल्या. पाच महिन्यांत त्यांच्या खुब्याच्या हाडाच्या एका भागाची घनता सुमारे २.८ टक्क्यांनी वाढली. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी त्याच उड्या मारल्या, तेव्हा मात्र असा फायदा दिसला नाही. तरुण वयातच सुरुवात का करावी, याचं उत्तर या फरकात आहे.

२०१० साली लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. त्यात स्त्रियांनी फक्त एका पायावर ५० उड्या मारायच्या होत्या, म्हणजे जवळपास आपली लंगडीच. दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. सहा महिन्यांनी, रोज लंगडी घालणाऱ्यांच्या त्या पायाच्या खुब्याजवळच्या हाडाची घनता दुसऱ्या पायाच्या तुलनेत वाढलेली दिसली. आठवड्यातून दोन किंवा चार दिवस उड्या मारणाऱ्यांमध्ये हा फरक तितका स्पष्ट नव्हता.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात तर १० किंवा २० उड्या, दिवसातून दोनदा, एवढाच व्यायाम होता. दोन उड्यांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती होती. २५ ते ५० वयाच्या स्त्रियांमध्ये १६ आठवड्यांनंतर खुब्याच्या घनतेत सुधारणा दिसली.

एक किंवा दोन टक्के हा आकडा छोटा वाटतो. पण ज्या वयात घनता एका जागी थांबलेली असते किंवा उतरू लागते, त्या वयात ती टिकवणं आणि त्यात थोडी भर घालणं ही मोठी गोष्ट आहे.

या अभ्यासांमधून तीन गोष्टी लक्षात येतात. एका दमात शेकडो उड्या मारण्यापेक्षा थोड्या उड्या, मध्ये विराम आणि दिवसातून दोन वेळा हे जास्त उपयोगी. जवळपास रोज करणं महत्त्वाचं. आणि उडी हळुवार, घासत मारलेली नको, जमिनीवर ठामपणे उतरायला हवं.

दोरीच्या उड्या, लंगडी, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ यांत उडी, ठेका आणि दिशा बदलणं हे सगळं आहे. शाळा सुटली की मुलींच्या आयुष्यातून हे खेळ निघून जातात आणि नंतर श्रावणातल्या एखाद्या मंगळवारीच परत येतात. हाडांच्या दृष्टीने ते नेमक्या गरजेच्या वयात बंद पडलेले असतात.

फक्त उड्यांनी भागेल का?

नाही. उड्यांचा फायदा प्रामुख्याने खुबा आणि पायांच्या हाडांना होतो. धक्का वर जाताना कमी होत जातो, त्यामुळे पाठीच्या कण्यापर्यंत आणि मनगटापर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. हाडं ठिसूळ झाल्यावर खुब्यासोबत मनगट आणि मणके हीच सर्वांत जास्त मोडणारी ठिकाणं आहेत.

यासाठी स्नायूंचा जोर वापरावा लागतो. स्नायू आकसतो तेव्हा तो हाडाला ओढतो आणि तो ताणही हाडासाठी संदेशच असतो. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तर उड्यांसारखा धक्क्याचा व्यायाम आणि वजन उचलणं यांची जोडी खुबा आणि कणा दोन्हींसाठी उपयोगी दिसते.

वजनाची भीती असणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातला 'लिफ्टमोर' हा प्रयोग लक्षात घ्यावा. ग्रिफिथ विद्यापीठाच्या या अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या, सरासरी ६५ वयाच्या १०१ स्त्रिया होत्या. त्यातल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची मात्र १.२ टक्क्यांनी घटली.

साठीतल्या स्त्रियांना हे योग्य मार्गदर्शनाखाली जमत असेल, तर तिशीतल्या निरोगी तरुणीने अर्धा किलोच्या गुलाबी डंबेलवर थांबायची गरज नाही. वजन उचलल्याने शरीर 'पुरुषी' होतं ही भीतीही निराधार आहे. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप कमी असतं, त्यामुळे तसे पिळदार दंड आपोआप तयार होत नाहीत.

जिमला जायला वेळ नाही, पैसेही नाहीत. मग?

घरातलं सामान पुरेसं आहे. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. पुस्तकं भरलेली ऑफिसची सॅक सात-आठ किलोंची सहज होते. वजन वाढवायचं तर पुस्तकं वाढवायची.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एकाआड एक, वीस मिनिटांत हे करता येतं:

- बैठका: खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात. सोपं झालं की सॅक छातीशी धरून.
- खाली वाकून उचलणं: पाठ सरळ, कंबर मागे ढकलून, गुडघे थोडे वाकवून दोन्ही हातांत कॅन घेऊन उभं राहणं. जमिनीवरचा हंडा योग्य पद्धतीने उचलणं ते हेच.
- जोर: आधी भिंतीला टेकून, मग ओट्याला, मग जमिनीवर. मनगट आणि दंडाच्या हाडांसाठी उपयोगी.
- ओढणं: पुढे झुकून सॅक पोटाकडे ओढणं. दिवसभर स्क्रीनपुढे वाकलेल्या पाठीसाठी गरजेचं.
- डोक्यावर वजन नेणं: खांद्यापासून वर, सावकाश.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बाराव्या वेळीही सहज वाटलं तर वजन वाढवायची वेळ आली, असं समजावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं सांगितलं आहे. चालण्याची दीडशे मिनिटं त्याव्यतिरिक्त.

उड्यांची सुरुवात मात्र दमाने करायला हवी:

- पहिले दोन आठवडे: चवड्यांवर उभं राहून टाचा जमिनीवर ठामपणे टेकवणं. रोज २० वेळा.
- तिसरा आणि चौथा आठवडा: दोन्ही पायांवर छोट्या उड्या. सकाळी १०, संध्याकाळी १०.
- पाचव्या आठवड्यापासून: थोड्या उंच उड्या, मग एका पायावर लंगडी, पुढे-मागे आणि बाजूला. हळूहळू दिवसाला ४० ते ५० पर्यंत.

पायात बूट असावेत. फ्लॅटच्या खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर गच्ची, पार्किंग किंवा सोसायटीची बाग बरी. ऑफिसात लिफ्टऐवजी जिने हा उत्तम जोडव्यायाम आहे. लोकलचा पूल चढताना सॅक पाठीवर असेल तर तोही.

आणि योगासनं, सूर्यनमस्कार, झुंबा?

योगासनांनी तोल, लवचिकता आणि शरीराची ठेवण सुधारते. तोल चांगला असेल तर पडण्याची शक्यता कमी होते आणि हाड मोडण्याचं मुख्य निमित्त पडणं हेच असतं. पण योगासनांमुळे हाडांची घनता वाढते, याचे पुरावे अजून मर्यादित आहेत. सूर्यनमस्कारात हातांवर भार येतो, तो मनगटांसाठी चांगला. झुंबा किंवा एरोबिक्समध्ये उड्या आणि पाय आपटणं असेल तर त्याचा हाडांना उपयोग होतो. आवडतं ते चालू ठेवून त्यात वजन आणि उड्या मिसळणं हा व्यवहार्य मार्ग.

व्यायाम वाढवला, जेवण कमी केलं, तर?

इथे अनेक तरुणींची गफलत होते. लग्न ठरलं किंवा नव्या वर्षाचा संकल्प केला की व्यायाम दुप्पट आणि जेवण निम्मं होतं. शरीराला खर्चाच्या मानाने पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर मेंदू प्रजननाशी संबंधित संप्रेरकं कमी करतो. पाळी अनियमित होते किंवा थांबते. इस्ट्रोजेन घटतं आणि विशीतच हाडांची मोडतोड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या स्थितीकडे खास लक्ष वेधलं होतं. पण हे फक्त खेळाडूंनाच होतं असं नाही.

गरोदर नसताना सलग तीन महिने पाळी आली नाही, तर 'वजन कमी होतंय, चांगलंच आहे' असं म्हणून सोडून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

कॅल्शियमशिवायही बांधकाम होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दोन पेले दूध, एक वाटी दही, नाचणीची एक भाकरी आणि मोठा चमचाभर तिळाची चटणी एवढ्यात यातला बहुतांश भाग भरून निघतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, शेवग्याच्या पाल्यातही ३०० च्या आसपास असतं. पालकातही कॅल्शियम असतं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते शरीराला फारसं मिळत नाही.

ड जीवनसत्त्वाची कमतरता शहरी भारतीयांमध्ये सर्रास आढळते. सूर्य उगवल्यावर घरातून निघून काचेच्या इमारतीत बसायचं आणि मावळल्यावर परतायचं, हे त्याचं एक कारण आहे. काचेतून येणाऱ्या उन्हाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ बाहेर पडणं उपयोगी. मात्र गोळ्या किंवा इंजेक्शनं मनाने घेऊ नयेत, अतिरेकाने त्रास होतो.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

गरोदर असलेल्या, नुकतीच प्रसूती झालेल्या, गुडघे किंवा कंबरेचं दुखणं असलेल्या, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या, थायरॉइडचा आजार असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या स्त्रियांनी उड्या आणि जड वजन सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाळंतपणानंतर उडी मारताना लघवी गळणं ही अनेकींची न बोललेली अडचण असते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याचं ते लक्षण आहे. फिजिओथेरपिस्ट त्यासाठी व्यायाम शिकवतात आणि त्याने बहुतेकींना फरक पडतो. लाजेपोटी व्यायामच सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. स्तनपानाच्या काळात हाडांची घनता काही टक्क्यांनी कमी होते, पण दूध तोडल्यावर ती बहुतांशी भरून येते. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही.

नडगी किंवा पावलावर एकाच ठिकाणी दुखत असेल आणि उड्या मारल्यावर ते वाढत असेल, तर थांबावं. हाडाला बारीक चीर गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

हाडांची तपासणी करून घ्यावी का?

कॉर्पोरेट हेल्थ पॅकेजमध्ये हल्ली हाडांची तपासणी असते. घनता मोजण्याची खात्रीची तपासणी म्हणजे 'डेक्सा' स्कॅन. टाच मशीनवर ठेवून केलेली चाचणी त्याची जागा घेऊ शकत नाही. निरोगी तरुणीला डेक्साची सरसकट गरज नसते. पाळी दीर्घकाळ बंद असेल, स्टिरॉइड सुरू असतील किंवा हाड सहज मोडलं असेल, तर डॉक्टर ती सांगतात. तरुण स्त्रीचा निकाल तिच्याच वयाच्या स्त्रियांशी तुलना करून, म्हणजे 'झेड स्कोअर'ने वाचायचा असतो. 'टी स्कोअर' बघून घाबरू नये.

फरक कधी दिसेल?

आरशात तर कधीच नाही. हाडांच्या डागडुजीचं एक चक्र पूर्ण व्हायला काही महिने लागतात आणि स्कॅनमध्ये बदल दिसायला सहा महिने ते वर्ष. वजनकाट्यासारखा रोजचा आकडा इथे मिळत नाही, म्हणूनच हा व्यायाम मध्येच सुटतो.

तो सुटला की कमावलेलंही जातं. अमेरिकेत वर्षभर उड्या आणि जोराचा व्यायाम केलेल्या स्त्रियांनी तो बंद केला, तेव्हा सहा महिन्यांत त्यांचा फायदा ओसरल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून दोन महिने झेपेल तेवढं करून दमण्यापेक्षा वर्षानुवर्षं जमेल असं वेळापत्रक बरं.

सकाळी चहाचं आधण ठेवून ते उकळेपर्यंत दहा उड्या होतात. रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आणखी दहा. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं सॅक आणि पाण्याचे कॅन. यासाठी ना फी लागते, ना वेगळे कपडे. वेळ मात्र तिशीच्या आसपासची, हीच आहे.